कणकुंबी ते हलशी पायी: मलप्रभेच्या काठानं माऊली, मारुती, रामलिंग

पायवाट_बेळगाव

खानापूर तालुक्यात मलप्रभेच्या काठानं चालत जाण्याबद्दल इथं जुना धागा सापडला नाही, म्हणून नवा काढतोय. पंढरीच्या, ज्योतिबाच्या, सौंदत्तीच्या वाटांवर पोत्यानं लिहिलं गेलंय. ही वाट मात्र बेळगावातल्याच निम्म्या लोकांना माहीत नाही.

सुरुवात कणकुंबी. माऊली देवीचं देऊळ, शेजारी रामेश्वर आणि तिथलंच कुंड. मलप्रभेचा उगम इथं मानतात. उंची 792 मीटर. गावातनं थोडं पश्चिमेला सरकलं की चोर्ला घाट सुरू होतो आणि पाणी गोव्याकडं पळतं. मलप्रभा मात्र समुद्र एवढा जवळ असून त्याच्याकडं पाठ करून पूर्वेला निघते आणि 304 किलोमीटर वाहून कूडलसंगमला कृष्णेत मिसळते. कणकुंबीला जी दिसते ती नदी म्हणवत नाही, पाटच म्हणावा.

तिथनं हब्बनहट्टी. नदीच्या पात्रात स्वयंभू मारुती. मग जांबोटीच्या बाजूची भातशेती, मध्ये जंगलाचे पट्टे, आणि खानापूरच्या अलीकडं असोग्याचा रामलिंग. देवळाच्या पायऱ्या उतरल्या की नदी. खानापूरनंतर नदी सोडायची, नंदगडमार्गे हलशी गाठायची, आणि शेवटी हलशीजवळच्या डोंगरावर रामतीर्थ. अंतरं: कणकुंबी ते जांबोटी 16 किलोमीटर, जांबोटी ते खानापूर वीसेक. पुढं हलशीपर्यंतचा टप्पा एका दिवसात आरामात होतो.

आता खरी गोष्ट. ही अख्खी वाट कुणी एका दमात चालत नाही. आसपासची गावं संक्रांतीला हब्बनहट्टीला अंघोळीला येतात, खानापूरकडची माणसं संक्रांतीला आणि महाशिवरात्रीला असोग्याला जातात, माऊलीकडं घाटमाथ्यावरची गावं जातात. ज्याचा त्याचा तुकडा ज्याच्या त्याच्या पायाखालचा. मी ते तुकडे सांधले, तेही सवडीनं, टप्प्याटप्प्यानं. काही विचारायचं असलं तर विचारा. फोटो मागू नका, माझ्या फोनचा कॅमेरा धुकं सोडून काही टिपत नाही.

डोंगरवेडा_पुणे

वा, भारी! जुलैत चार दिवस सुट्टी आहे. रील्समध्ये तो सगळा पट्टा हिरवागार दिसतो. फोनच्या नकाशावर वाट दाखवणारी जीपीएक्स फाइल देता का? आणि नदीकाठी तंबू ठोकता येतो ना?

खानापुरी

जुलैत? दादा, जुलैत हब्बनहट्टीचा मारुतीच पाण्याखाली असतंय. तुम्ही दर्शन कुणाचं घेणार?

कणकुंबीचा पाऊस म्हणजे काय ते बेळगावात बसून कळत न्हाई. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत त्याचं नाव. नाल्यांना पाणी आलं की काठानं जायची वाट म्हणून काय उरतच न्हाई, जळवा पायाला लागतात ते वेगळंच. आमच्याकडची म्हातारी माणसं पावसात देवाला जायचं झालं तरी रस्त्यारस्त्यानं जातात, काठानं कोण जात न्हाई.

तंबूचं तर नावच काढू नका. अस्वल हाय, गवा हाय, आणि भात पिकायच्या दिवसांत हत्ती उतरतंय. अस्वलानं फाडलेली माणसं आमच्या गावागावांत दाखवीन.

डोंगरवेडा_पुणे

ओके ओके. पण सह्याद्रीत तंबू लावूनच फिरतो आम्ही, एवढं घाबरायचं कारण कळलं नाही.

पायवाट_बेळगाव

घाबरायचं नाही, पण इथलं जंगल वेगळं. तालुक्याच्या दक्षिण-पश्चिम अंगाला भीमगड अभयारण्य आहे, 2011 साली जाहीर झालं. वाटेतले काही जंगलपट्टे वनखात्याचे आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरलात तर अडवतील, आणि बरोबरच करतील. मी स्वतः जंगल लागलं की डांबरी रस्ता धरतो आणि सूर्य मावळायच्या आत वस्तीत असतो. काठानं चालण्याचा हट्ट शेतं आणि गावं आहेत तिथंच करायचा. गाड्या कमी असलेल्या रस्त्यावर चालणं म्हणजे कमीपणा, असं ट्रेकवाल्यांना का वाटतं कुणास ठाऊक.

जीपीएक्स देणार नाही. कंजूषपणा नाही यात. मी गेलो ती वाट एका शेताच्या बांधावरनं जाते, आणि त्या शेतकऱ्यानं मला विचारून सोडलं होतं. तुमच्या पन्नास जणांना सोडेल असं नाही. गावात विचारत जा. बोर्ड कन्नडमध्ये असतील, माणसं मराठीत बोलतील. पुढं हलशीच्या अंगाला दोन्ही कानावर पडतं.

पाटी_पेन्सिल

पावसाळ्याचं निघालंय तर हलशीचं सांगायलाच हवं, कारण या मुद्द्यावर दीड हजार वर्षांपूर्वीचा कागद आहे. कागद कसला, तांब्याचा पत्रा.

हलशी म्हणजे कदंबांची पलाशिका. बनवासीच्या कदंब राजांचे ताम्रपट इथं सापडले, त्यातला सगळ्यात जुना काकुस्थवर्म्याचा, पाचव्या शतकातला. त्याच्या वंशातल्या मृगेशवर्म्यानं वडिलांच्या स्मरणार्थ पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवलं. मृगेशवर्म्याचा मुलगा रविवर्मा. त्याच्या एका ताम्रपटात आज्ञा आहे की जिनेंद्राचा आठ दिवसांचा उत्सव दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला व्हावा, त्याचा खर्च एका गावाच्या उत्पन्नातून चालावा, आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांची सोय केली जावी.

नीट वाचा. पावसाचे चार महिने साधू एका जागी बसणार, कारण चालायचं नाही. जैन मुनींचा चातुर्मास हा अहिंसेसाठी, पावलाखाली जीव येऊ नयेत म्हणून. पण या खोऱ्यात पाऊस डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला त्यातला व्यवहारही लगेच कळतो. मग कार्तिकी पौर्णिमा आली की उत्सव, आणि उत्सव झाला की वाटा मोकळ्या. आज खानापुरी जे सांगतायत तेच वेळापत्रक राजानं पत्र्यावर कोरून ठेवलंय.

त्यामुळं ही वाट ऐतिहासिक आहे का या प्रश्नाला माझं उत्तर असं: दगडी फरसबंदी, मैलाचे दगड शोधत बसू नका. या वाटेचा ऋतू ऐतिहासिक आहे.

बाकी हलशीत बघायला: भूवराह नरसिंह मंदिर, बाराव्या शतकातलं, गोव्याच्या कदंबांच्या वेळचं. गोव्याच्या कदंबांची हलशी ही दुसरी राजधानी होती. घाटाखाली समुद्र आणि घाटावर हलशी, दोन्हीकडं राज्य. मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. असं फार ठिकाणी दिसत नाही. एका गाभाऱ्यात उभा ठाकलेला वराह, पृथ्वीला उचलून धरलेला. वरचं शिखर कदंब पद्धतीचं, पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेलं. गावात सुवर्णेश्वर आहे, जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे, अवशेष आहेत. घाई करणाऱ्यांनी हलशीला जाऊच नये.

खानापुरी

हे पत्र्यावरचं आमच्या शाळेत कोणी सांगितलं न्हाई बघा. आम्हाला हलशी म्हणजे सहलीला जाऊन डबा खाऊन यायचं गाव.

माहेर_जांबोटी

धागा वाचून बरं वाटलं. लग्न होऊन बेळगावात आले तरी आमची सगळी सुटी जांबोटीकडंच जायची. संक्रांतीला हब्बनहट्टीला आम्ही बायका पहाटे निघायचो, थंडी अशी की पाण्यात पाय घालताना शिव्या तोंडात यायच्या, देवाच्या दारात म्हणून गिळायच्या. अंघोळ झाली की मारुतीला तेल-शेंदूर, मग वाळूत बसून डबे. तिळाची भाकरी, वांग्याची भाजी, दही. एकमेकींच्या डब्यातलं चाखायला मिळतं म्हणून अर्ध्याजणी यायच्या, आता देवाला राग येऊ दे.

बायकांनी चालायचं झालं तर दोन गोष्टी. एक, गर्दीच्या दिवशी जा. संक्रांत, शिवरात्र. एरवी वाट सुनसान असते आणि मोबाइलला रेंज मध्येच जाते. दोन, कपडे बदलायची सोय सगळीकडं असेल असं धरू नका, मोठी ओढणी-चादर जवळ ठेवा. देवळात मुक्काम करायचा असेल तर देवस्थानच्या पंचांना आधी विचारा. आमच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. वारकरी म्हणून गेलात, टाळ हातात असला, तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत. ट्रेकर म्हणून गेलात तर बाटलीबंद पाणी कुठं मिळतं ते सांगतात.

डोंगरवेडा_पुणे

हा शेवटचा टोला माझ्यासाठी होता, घेतला. टाळ आणतो.

तिलारी_पलीकडे

मी चंदगडची. आई सत्तरीची आहे, गुडघे दुखतात, पण माऊली, हब्बनहट्टी, असोगा, हलशी एवढं तिला करायचं आहे. बसनं होईल का? आणि कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणतात ते आम्हाला लागू आहे का?

माहेर_जांबोटी

ताई, शक्ती योजना जून 2023 पासून आहे, पण ती कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना. आधार किंवा दुसरं ओळखपत्र इथल्या पत्त्याचं लागतं. तुमच्या आईंना तिकीट काढावं लागेल. माझी नणंद कोल्हापूरची, ती आली की मी फुकट आणि ती तिकीट काढून, शेजारी शेजारी बसून भांडतो. तिकडं तुमच्या लाल परीत मात्र तिला अर्धं तिकीट. फिटंफाट.

बेळगाव-चोर्ला रस्त्यावर किणये, कुसमळी, जांबोटी करत कणकुंबीला बस जाते. जांबोटीहून खानापूरला वेगळी. पण एका दिवशी सगळं करायला जाऊ नका, बसची वाट बघण्यातच दिवस जातो. आईंना असोग्याला पायऱ्या आहेत, तिथं जरा जपून. रामतीर्थाचा डोंगर त्यांना नको.

खानापुरी

आई हाय म्हटल्यावर खानापुरातनं रिक्षा करा, असोगा जवळच हाय. रेल्वेनं आलात तर खानापूर स्टेशनातनंच. पुढच्या स्टेशनाला उतरलात तर गुंजीची माऊली बी होतंय, ती आमच्याकडं लई मानाची.

सरळ_प्रश्न

एक शंका. कणकुंबीला रामेश्वर, असोग्याला रामलिंग, हलशीला रामतीर्थ. हा राम कोणता? वनवासातला की परशुराम? मलप्रभा तर रेणुकेची नदी मानतात, पुढं सौंदत्तीला यल्लम्मा आहेच.

पाटी_पेन्सिल

चांगलं हेरलंत. दोन्ही कथा सांगणारे भेटतील, कधी कधी एकाच कट्ट्यावर. घाटमाथ्यावर आणि खाली कोकण-गोव्यात परशुराम जोरात आहे, आणि ज्या नदीच्या काठी रेणुकेचा डोंगर त्या नदीवर तिच्या मुलाचं नाव सापडणं साहजिक. असोग्याला मात्र दाशरथी रामाचीच गोष्ट ऐकवतात, वनवासात आला, लिंग स्थापन केलं, अशी. निवाडा करायची गरज मला तरी वाटत नाही. माझं लक्ष दुसरीकडं जातं: तिन्ही ठिकाणी पिंड आहे आणि पाणी आहे. चालणाऱ्याला अंघोळ, पाणी, सावली आणि रात्रीचा आसरा, चारही एका जागी. देवळं कुठं आहेत ते बघितलं की मुक्काम कुठं पडत असतील याचा अंदाज येतो.

बैलहोंगल_बाजू

तुम्ही सगळे खानापुरात थांबलात, नदी थांबत नाही. खाली एम. के. हुबळीला याच मलप्रभेच्या पात्रात गंगांबिकेचा ऐक्य मंडप, म्हणजे समाधीची जागा, आहे. बसवण्णांची पत्नी. आणि बसवण्णांचं ऐक्य कुठं, तर कूडलसंगमला, जिथं हीच नदी कृष्णेला मिळते. एक इथं, एक शेवटाला, मध्ये अख्खी नदी. आमच्या गल्लीत लिंगायत घरं जास्त, लहानपणापासून ऐकत आलो. पुढं सौंदत्ती, नविलतीर्थचं धरण, मग पट्टदकल, तिथं नदी उत्तरेला वळते म्हणून त्या जागेला मान. म्हणजे माऊलीपासून सुरू होऊन वारकरी, जैन, शाक्त, लिंगायत सगळे एकाच पाण्याला.

हलशीहून पुढं जाणाऱ्यांसाठी: कित्तूरजवळच्या देगावात कमलनारायणाचं देऊळ आहे, कदंब राजा शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिनं बाराव्या शतकात बांधवलेलं. नकाशात देगाव टाकताना बघून टाका. दुसरं देगाव भीमगडच्या जंगलात आहे, गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादई नदीच्या उगमाचं. चुकीचं दाबलंत तर फोन तुम्हाला अभयारण्यात घेऊन जाईल.

प्रगती_हवी

एवढं सगळं आहे तर शासनाकडं मागणी करून पर्यटन मार्ग का करत नाही? कमानी, दिशादर्शक फलक, पेव्हर ब्लॉक, नदीकाठी संरक्षक कठडा, प्रत्येक मुक्कामाला यात्री निवास. गावात रोजगार येईल. हे असं लपवून ठेवणं मला स्वार्थी वाटतं.

खानापुरी

रोजगार पाहिजेच, त्यात वाद न्हाई. आमची पोरं गोव्याला जाऊन हॉटेलात भांडी घासूलालेत. खानापूरची कौलं, कुंभारकाम एकेकाळी सगळीकडं जायचं, ते बी बसलं. यात्री निवास बांधा, पन्नास खाटांचा बांधा. पण हब्बनहट्टीला कठडा? नदी दरसाल देवळावरनं जातंय, कठडा ठेवील व्हय? सिमेंट घातलेलं दुसऱ्या वर्षी वाळूत सापडतंय.

माहेर_जांबोटी

शिवाय यात्रेनंतरचा कचरा कोण उचलणार ते आधी ठरवा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पात्रात द्रोण, प्लास्टिकचे ग्लास, जुने कपडे. जुने कपडे नदीत सोडायचं खूळ कुठनं आलं माहीत नाही, आमच्या आजीच्या वेळी एवढे कपडेच नव्हते सोडायला.

पायवाट_बेळगाव

फलक हवेत, दोन-तीन मोक्याच्या फाट्यांवर, कन्नड आणि मराठी दोन्हीत. मराठी म्हटलं की पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तो वाद इथं नको. पेव्हर ब्लॉक नकोत. यात्री निवासापेक्षा मला आहे त्या देवळांच्या ओवऱ्या नीट केलेल्या आवडतील, आणि स्वयंपाकाचा पैसा गावातल्या बचत गटाला मिळावा.

आणि नदी बघायला निघालेल्या माणसानं कणकुंबीजवळचा कळसा कालवाही बघावा. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्यासाठी खोदलेला. म्हादई लवादानं ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला एकूण 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यात कळसा आणि भांडुरा या नाल्यांवरच्या योजनेचा वाटा 3.9. पुढं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. हुबळी-धारवाडला प्यायचं पाणी हवं आहे, तिकडं गोव्याला नदी आटायची भीती आहे. उगमाच्या कुंडाला हात जोडायचे आणि खोदलेल्या मातीकडं बघायचं नाही, हे मला जमलं नाही.

सरळ_प्रश्न

राजकारण आलंच.

पायवाट_बेळगाव

पाणी आलं. नदीवरच्या धाग्यात ते येणारच.

डोंगरवेडा_पुणे

बरं, ठरवलं. जुलै रद्द, कार्तिकी पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार आणि पुढचे दोन दिवस. चौघं आहोत. तंबू नाही. सगळी वाट न करता खानापूर धरून असोगा, नंदगड, हलशी एवढंच. त्या दिवसांत हिरवं असतं का तरी?

खानापुरी

भात कापणीला आलेलं असतंय, पिवळं. जंगल हिरवं. नदीत पाणी स्वच्छ, गुडघ्याएवढं, तळ दिसतंय. तुम्हाला रीलमधलं हिरवं पाहिजे असेल तर ते न्हाई.

नंदगडात थांबा. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला 26 जानेवारी 1831 ला तिथं फाशी दिली, समाधीजवळ वड हाय. लोक नवस बोलतात, पाळणे बांधलेले दिसतील. तिथनं हलशी. दुपारच्या आत पोचा, देऊळ बंद असलं तर शेजारी विचारा, किल्ली कुणाकडं असतंय ते सांगतील. रामतीर्थाला संध्याकाळी चढू नका, सकाळी जावा, पाणी खालनंच भरून घ्या.

माहेर_जांबोटी

चौघं म्हणजे काही फार नाही. खानापुरात माझी मावसबहीण जेवण करून देते, पुरी-पातळभाजी सकाळी आणि रात्री भाकरी-आमटी. आधल्या दिवशी कळवायला हवं. नंबर इथं टाकत नाही, निरोप पाठवा.

डोंगरवेडा_पुणे

पाठवला. पैसे किती द्यायचे ते त्यांनाच ठरवू दे. आणि टाळ खरंच आणू का?

माहेर_जांबोटी

वाजवता येत असतील तर आणा.